आठव्या कंदिलाचं तिकीट

आमच्या घरी तो माणूस पहिल्यांदा आला तेव्हा नमस्कार करायच्या आधी त्यानं शोकेसमधला काचेचा हत्ती उचलला, उलटा केला आणि त्याचं पोट पाहिलं. मग फुलदाणी उलटी केली. मग भिंतीवरचं घड्याळ जरासं पुढं ओढून त्याच्या पाठीमागं डोकावला. मी चहा घेऊन उभीच. कप हातात दिला तर तोही वर धरून त्याचं बूड पाहिलं आणि मगच घोट घेतला. माझ्या मनात तेव्हाच आलं, हा एकतर चोर आहे नाहीतर चोरांनी फार गांजलेला आहे.

मी जात्याच संशयी, हे सांगून टाकते. भाजीवाल्याचा काटा, दूधवाल्याचं माप, नवऱ्याचं ‘पाच मिनिटांत पोचतो’, कशावरच माझा भरवसा नाही. पण या माणसापुढं मी अगदी भोळीभाबडी ठरले असते. त्या दिवशी जाता जाता त्यानं आतल्या खोलीतल्या माझ्या खाटेवरसुद्धा बोटानं दोनदा टकटक केलं, वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, “ही कायची हाये?” आंब्याच्या लाकडाची, सासऱ्यांच्या वेळची, असं मी जरा ठसक्यात सांगितलं. तो हूं म्हणाला आणि निघून गेला. परक्या माणसानं बाईच्या खाटेखाली वाकून काय पाहायचं, म्हणून मी दिवसभर धुसफुसत होते.

तो एसटीतला निवृत्त कंडक्टर. चंद्रपुरात बसस्टँडच्या मागं दोन खोल्यांत एकटा राहायचा, मुलगी नागपूरला. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. जन्मभर त्यानं मूल, गडचिरोली, आष्टी, मुलचेरा या रस्त्यांवर तिकिटं फाडली. बाजाराच्या दिवशी टोपल्या, मडकी, कोरलेले खांब, पितळी घोडे घेऊन कोणत्या थांब्यावर कोण चढतं ते त्याला पाठ होतं. निवृत्त झाल्यावर त्यानं हाच उद्योग धरला. आडगावात घरच्या घरी काही वेगळं घडवणारी माणसं असतात, त्यांच्या हातची वस्तू आणायची आणि ज्याला घर सजवायचं आहे त्याच्याकडं पोचवायची. दुकान नाही, पाटी नाही, मोबाईलवर फोटो नाहीत. खांद्याला तीच जुनी चामड्याची बॅग, आणि बॅगेत तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच.

त्याच्याकडून मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूला तिकीट असायचं. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर कुठून आणि कुठं एवढंच, बारीक अक्षरात, दोऱ्यानं बांधलेलं. बनवणाऱ्याचं नाव कधीच नाही. विचारलं तर तो नुसता थांबा सांगायचा, कोणत्या रस्त्यावरचा ते नाही. वडाच्या थांब्याचा म्हातारा, शाळेच्या थांब्याची विधवा, अशी त्याची माणसं. बाजारातून आणलेल्या, कोणी केली ते ठाऊक नसलेल्या वस्तूला तो विनातिकीट म्हणायचा. माझा काचेचा हत्ती विनातिकीट. शेजारणीच्या हॉलमधली अख्खी भिंत विनातिकीट, हे त्यानं तिच्या तोंडावर सांगितलं आणि तिनं पुन्हा त्याला दारात उभं केलं नाही.

दुसरा नियम, उतरणाऱ्याला आधी उतरू द्यायचं. म्हणजे घरातली एक वस्तू भिंतीवरून उतरवल्याशिवाय तो नवी वस्तू चढवू द्यायचा नाही. माझी प्लास्टिकची वेल त्यानं अशीच उतरवली. मी कुरकुरले, पण भिंत खरंच मोकळा श्वास घेतल्यासारखी दिसायला लागली, हेही कबूल करते.

आता मी त्याच्या नादी का लागले ते सांगते. मोहर्लीला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. नवरा सफारीची जिप्सी चालवतो, घर मी सांभाळते. इथं जंगलाच्या गेटच्या रस्त्यावर राहायच्या सोयी पुष्कळ, आणि सगळीकडं भिंतीवर तोच वाघ, तोच रंगवलेला बांबू. पर्यटक एकदा झोपतो आणि विसरतो. नवऱ्याचं म्हणणं होतं, एका रिसॉर्टवाल्याला घर चालवायला देऊन टाकू, डोक्याला ताप नको. मी त्याच्याकडून एक हंगाम मागून घेतला होता. दिवाळीचा हंगाम नीट गेला तर घर माझ्या हातात, नाहीतर चाव्या रिसॉर्टवाल्याच्या. या चार खोल्या मी उभ्या राहून बांधून घेतल्या होत्या, प्रत्येक खिडकीवरून मिस्त्रीशी भांडले होते. त्या दुसऱ्याला द्यायची माझी तयारी नव्हती.

होळीच्या सुमारास भाऊनं एक कंदील आणून दाखवला. बांबूच्या बारीक कामट्या विणून केलेला, घागरीएवढा. आत दिवा लावला. भिंतीवर गोंदण उमटलं. विंचू, ठिपक्यांच्या ओळी, चुलीचा आकार, आमच्याकडं म्हाताऱ्या बायकांच्या हातावर असतं तसं. ही बाई गावातल्या म्हाताऱ्यांचे हात समोर ठेवून विणते, एकेक कंदील एकेका हाताचा, असं त्यानं सांगितलं. म्हणून दोन कंदील सारखे होत नाहीत. मी तिथल्या तिथं आठ सांगितले, प्रत्येक खोलीला दोन. तो म्हणाला, एकेक करून होतील. आणि दाखवायला आणलेला कंदीलही परत बॅगेत घालून घेऊन गेला, कारण म्हणे त्याचा महिना भरायचा होता.

हे महिना भरणं मला कळेना. पुढं चैत्र गेला, वैशाख गेला. प्रत्येक वेळी फोनवर उत्तर एकच, अजून नाही. श्रावणात मी चंद्रपूरला गेले तेव्हा सांगितल्याशिवाय त्याच्या खोलीवर धडकले. दार उघडंच होतं. त्याच्या लोखंडी खाटेखाली जुन्या छत्रीचं काळं कापड पसरलेलं, आणि त्यावर पाच कंदील ओळीनं. पाचांनाही तिकीट, पाचांनाही पंच मारलेला. मला पाहताच त्यानं चादरीचं टोक खाली ओढलं.

हे कोणाचे, मी विचारलं. त्यांचं तिकीट फाटलं आहे, तो म्हणाला. म्हणजे विकले गेलेत. कोणाला, म्हटलं. तर म्हणतो, उतारू कुठं उतरणार हे कंडक्टर दुसऱ्या उतारूला सांगत नसतो.

परतीच्या बसमध्ये माझं डोकं नुसतं भणभणत होतं. आधीच त्याच्याबद्दल काय काय ऐकलं होतं. कोणी म्हणायचं त्याचं नागपूरला गोदाम आहे. कोणी म्हणायचं मोठ्या रिसॉर्टांना आधी माल जातो आणि उरलासुरला आपल्याला. थांब्याच्या बायका वगैरे सगळी थाप, माल कारखान्यातून येतो, असंही एकजण शपथेवर सांगत होता. यातलं एकही मी तपासलं नव्हतं, पण बस मोहर्लीला पोचेपर्यंत माझा सगळ्यावर विश्वास बसला होता. माझेच कंदील तो त्या रिसॉर्टवाल्याला देतोय, हे तर मी पक्कंच धरलं.

एवढ्या महिन्यांत बोलता बोलता त्याच्या तोंडून एकदाच निसटलं होतं, मुलचेऱ्याच्या अलीकडं चिंचेचा थांबा. गणपती बसून पाच दिवस झाले होते. नवऱ्याला माहेरी जाते सांगितलं आणि निघाले. दोन बस बदलून त्या थांब्यावर उतरले तर चिंच होती, थांबा होता आणि समोरच्याच अंगणात कामट्या सोलत बसलेली बाई होती. नाव मैनाबाई. माझ्याच वयाची, बोटांना जागोजागी चिरा. आत तिची सासू दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती आणि तिच्या हातावरचा विंचू मी ओळखला. म्हणजे थाप नव्हती. त्यानं मला हायसं वाटायला पाहिजे होतं, पण उलट रागच आला, की हे खरं असूनही त्यानं मला झुलवलं.

मला नवरात्राच्या आधी आठ कंदील पाहिजेत, मी सांगितलं. मैनाबाईनं मान हलवली. साठवलेला बांबू एखाद-दोन कंदिलांपुरता होता, आठांसाठी नवा तोडावा लागणार. आणि चांदणं वाढत असताना ते बांबू तोडत नाहीत. त्या दिवसांत बांबूत गोडवा असतो, त्याला घूण, म्हणजे पोखरणारा किडा, लागतो, आतून पीठ होतं. चांदणं उतरायला लागलं की तोडायचा.

“पितर बसू द्या बाई, मंग तोडतो. अंधाऱ्या पाखात तोडलेला बांबू नातवापर्यंत टिकते,” ती म्हणाली.

पितर बसायला अजून आठवडा होता. त्यानंतर तोडून, वाळवून, विणून कधी होणार? माझ्या डोळ्यांसमोर रिसॉर्टवाल्याच्या हातातल्या चाव्या होत्या. आणि मी ते बोलले, ज्याची मला आजही लाज वाटते.

“कंडक्टर भाऊनंच पाठवलं मले. म्हनले, यंदा चालते.”

“भाऊ म्हनले?” तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. तिनं सासूकडं पाहिलं. मग उठली आणि कोयता घेऊन परसात गेली.

दसऱ्याला आठही कंदील टांगले. काय सांगू, घर उजळून निघालं. नवरासुद्धा प्रत्येक खोलीत जाऊन दिवा लावून-विझवून पाहत होता. मी प्रत्येक खोलीत एक सुंदर पाटी रंगवून लावली, मैनाबाईचं नाव, तिच्या गावाचं नाव. भाऊ नाव लपवतो, मी बघा कशी उघडपणे मान देते, असा माझा तोरा. मी कोणाला काही विचारलं नव्हतं, तिलाही नाही.

दिवाळीत नागपूरचं एक कुटुंब उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या उशीवर पांढरं पीठ सांडलेलं. मी झटकलं, उशी बदलली. तिसऱ्या दिवशी पुन्हा, चहाच्या कपात. कंदिलावर कान ठेवला तर आतून कुर्र कुर्र ऐकू यायचं. त्यांनी फोटो काढला, पीठ, कंदील आणि मैनाबाईच्या नावाची पाटी, तिन्ही एका चौकटीत, आणि इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं, किडकं घर. दोन बुकिंगं लगेच रद्द झाली. त्याच आठवड्यात रिसॉर्टवाला मोजपट्टी घेऊन खोल्या मोजून गेला आणि नवऱ्यानं त्याच्या मोजपट्टीचं दुसरं टोक धरलं.

भाऊ आला तो न बोलावता. खोलीत गेला, कंदिलावर दोनदा टकटक केलं, तळहातावर पीठ घेतलं. मग पाटीपुढं उभं राहून नाव वाचलं. मग माझ्याकडं वळला.

“माह्या शब्दाबिगर ते चांदण्यात बांबू तोडत नाई. माह्या नावानं तिकीट फाडलं तुमी?”

“हो,” मी म्हटलं.

त्यानं ओरडावं म्हणून मी वाट पाहत होते. त्यानं स्टूल घेतलं, आठही कंदील उतरवले, दोरीनं बांधले, पाट्याही काढल्या आणि सगळं घेऊन बसनं निघून गेला. आठ दिवसांनी परत आला तेव्हा दोन पोती होती. त्यातून एकेक करून सात कंदील निघाले. सातांनाही तिकीट. मी पहिलं वाचलं, चिंचेचा थांबा ते मोहर्ली. दुसरं वाचलं, तेच. त्या श्रावणात खाटेखाली होते ते पाच त्यातच होते. सगळे माझेच होते, होळीपासून.

मग मला सांगितलं का नाही, मी विचारलं. तो म्हणाला, भरलेल्या पाचांचं सांगितलं असतं तर बाकीचे तुम्ही महिना भरायच्या आत उचलून नेले असते. प्रत्येक कंदील तो महिनाभर काळ्या कापडावर ठेवायचा, रोज सकाळी कापड पाहायचा. पिठाचा एक कण दिसला तर परत. नाव का लपवायचा तेही त्याच दिवशी समजलं. वस्तू बिघडली तर दुसरी आणता येते, असं तो म्हणाला, आणि बरोबर परत आणलेल्या मैनाबाईच्या नावाच्या चारही पाट्या त्यानं माझ्या चुलीत घातल्या.

त्या सात कंदिलांनी माझा हंगाम तारला. नाताळापर्यंत खोल्या भरल्या आणि रिसॉर्टवाल्याचा मोजमापाचा कागद नवऱ्यानं स्वतःच फाडला. पण चौथ्या खोलीतला एक हूक रिकामा राहिला. आठव्याचं काय, मी एकदाच विचारलं. तिनं केला तर येईल, तो म्हणाला, आणि तुम्ही तिला जाऊन खरं काय ते सांगा. मी हो म्हटलं. गेले नाही. आधी पाहुणे होते, मग थंडी होती, मग नवऱ्याचा पाय मुरगळला. खरं कारण एवढंच की माझी हिंमत नव्हती. रोज त्या खोलीत केर काढताना रिकाम्या हुकाकडं नजर जायची आणि मी पटकन बाहेर यायचे.

फाल्गुनात भाऊ आला तो कायमचा नागपूरला निघालेला. गुडघे गेले होते, मुलगी न्यायला आली होती, रिक्षा बाहेर उभी. त्यानं बॅगेतून छत्रीचं काळं कापड काढलं, त्यात गुंडाळलेला आठवा कंदील. तिकीट होतं, पण भोक नव्हतं. वर तो पंच माझ्या हातात ठेवला.

“एकोणीस दिवस झाले. अकरा राह्यले. तुमच्या खाटेखाली ठेवा, रोज पाहा. खोटा पंच मारू नका.”

माझ्यावर एवढा विश्वास टाकलात भाऊ, असं काहीतरी मी बोलले. तो माझ्याकडं पाहत राहिला, पहिल्या दिवशी काचेच्या हत्तीकडं पाहिलं होतं तसंच.

“भरोसा नाई टाकला. तुमच्यासारखं शकी मानूस दुसरं भेटलं नाई, म्हनून देऊन राह्यलो,” असं म्हणून तो रिक्षात बसला.

मी रोज सकाळी चूळ भरायच्या आधी खाटेखाली वाकत होते. नऊ दिवस कापड स्वच्छ. दहाव्या दिवशी सकाळी कापडावर पीठ होतं. चिमूटभर, पण होतं.

मी जमिनीवर बसूनच राहिले. त्याच दुपारी पाहुणे यायचे होते, चौथ्याच खोलीत. फुंकर मारली असती तर पीठ उडालं असतं. पंच माझ्याच हातात होता, भाऊ नागपूरला होता, विचारणारं कोणी नव्हतं. पंच उचललाही. खरं सांगते, दोन बोटांत तिकीट धरलंही. पण हा कंदील कोणाच्या तरी उशीवर पीठ सांडणार आणि पुन्हा ती चिरा पडलेल्या बोटांची बाई बदनाम होणार, हे मला सोसवलं नाही. पाहुण्यांसाठी नवऱ्याला घरी बसवलं, पीठ कागदाच्या पुडीत घेतलं, कंदील कापडात बांधला आणि बस पकडली.

मैनाबाई तिथंच बसलेली होती, तशीच. मी पाणीही घेतलं नाही. आधी बोलून टाकलं की गणपतीत भाऊनं मला पाठवलं नव्हतं, मी खोटं बोलले होते.

तिच्या हातातली कामटी थांबली. ती बाजूला ठेवून मैनाबाई म्हणाली.

“ते तं किडके कंदील घेऊन आले, मले म्हने, बाई, माहीच चूक झाली. मीच म्हनलो होतो चालते म्हनून.”

थंडीभर माझं खोटं तो माणूस स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरला होता, माझ्या घरी येऊन चहाच्या कपाचं बूड पाहत होता, आणि मला एका शब्दानं बोलला नव्हता. मी पदर तोंडाला लावून तिच्या अंगणात रडले. तिची सासू आतून पाहत होती.

मैनाबाईनं माफ केलं असं काही म्हटलं नाही. तिनं कंदील मागितला. बोटानं वाजवला, उन्हात फिरवून एकेक कामटी पाहिली. मग पुडी उघडून पीठ दोन बोटांत चोळलं, वास घेतला.

“हे कुठी ठेवलं होतं?” तिनं विचारलं.

खाटेखाली, मी सांगितलं.

“खाट कायची?”

आंब्याची, सासऱ्यांच्या वेळची.

“बांबूचं पीठ पांढरं रायते, मैद्यावानी. हे लाल हाये,” ती म्हणाली. “कंदील बेस हाये बाई. तुमची खाट खाऊन राह्यला घूण.”

आतून सासू खुदकन हसली. मग मैनाबाईही हसली, तोंड फिरवून. मला हसावं की रडावं कळेना. तिनं अंगणात काळं कापड अंथरलं आणि मला म्हणाली, अकरावा दिवस इथंच भरा. मी त्या रात्री तिच्या घरी राहिले. सकाळी तिघी कापडाभोवती बसलो. एक कणही नव्हता. तिकिटावर माझ्याच हातानं पंच मारला, मैनाबाईच्या समोर.

मोहर्लीला येऊन आधी खाट उलटी केली. पायथ्याकडचे दोन्ही पाय आतून पोकळ झाले होते, नखानं दाबलं की भुगा पडत होता. कंदील चौथ्या खोलीत टांगला आणि नागपूरला फोन लावला. तिकीट फाटलं भाऊ, असं सांगायला मी तोंड उघडलं, तर माझ्या आधी तोच बोलला.

“खाट काढली का बाहेर?”

खाटेबद्दल मी त्याला काही सांगितलं नव्हतं. मैनाबाईकडं फोन नाही. मी विचारणार होते, की तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ना, म्हणूनच माझ्याच खाटेखाली ठेवायला सांगितलंत ना. पण पलीकडून फोनवर बोटानं दोनदा टकटक केल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.